पहिल्या घोड्याची तयारी

प्रिय दुलाम,

पत्र बघून तुला हसू आलं असेल. घरात फोन आहे, तुमच्या मागच्या टेकडीवर चढलं की रेंजही मिळते, आणि ही बाई कागद-पेन घेऊन काय बसली, असं म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य तरी पुरं करू देतेस का? मी 'कशी आहेस' म्हणते न म्हणते तोच तुझ्या शेळ्या, तुझे गुडघे, तुझ्या नवऱ्याचं, जाम्स्रानचं घोरणं सुरू होतं, आणि मला जे सांगायचं असतं ते पोटातच राहतं. शाळेत होतो तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. कागदाला मात्र तुला मध्येच तोडता येणार नाही. एकच कर, शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात चुलीत टाकू नकोस.

इकडचं सगळं ठीक आहे. या वर्षी धुळीची वादळं फार झाली, माझ्या या गोल तंबूच्या, गेरच्या छताचा दोर दोनदा नव्याने बांधावा लागला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माझ्या जागी जी नवीन आली आहे ती चहात मीठच घालत नाही म्हणे. पोरं रस्त्यात गाठून तक्रार करतात, 'नोर्जमाबाई, परत या, ती आम्हाला गरम पाणी पाजते.' ऐकून वाईट वाटल्याचं तोंड करते, पण खरं सांगू, बरं वाटतं. गुडघा दुखतो. अंगणातला आडोसा अजून उभा आहे. गवत मात्र शेजारणीच्या गाईला देऊन टाकलं, उगाच कुजून गेलं असतं. चोइजिल खाटीक पूर्वी येता-जाता विचारायचा, 'काय नोर्जमाताई, तू घोडा खाणार की घोडा तुला खाणार?' आता तो त्या रिकाम्या आडोशाकडे बघतो आणि हवापाण्याचं बोलतो. त्याच्या थट्टेचा मला राग यायचा, पण त्याचं हे समजून घेणं जास्त लागतं.

हा घोडा मला का हवा होता, ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. आपल्या दोघींचे गेर शेजारी शेजारी होते, आणि त्या झुदच्या हिवाळ्यात बर्फाचा असा काही थर बसला, की जनावरांना खालचं गवत मिळेना. आमची सगळी उभ्या उभ्या गोठली. तुझ्या वडिलांनी गवत साठवलं होतं म्हणून तुमची थोडी वाचली. आम्ही गावात आलो, आणि ज्या माणसाने जन्मभर घोड्यांशिवाय काही केलं नव्हतं तो माझा बाप शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा ओढायला लागला. संध्याकाळी घरी येताना तो दुकानापुढच्या खांबापाशी थांबायचा. तिथे लोकांनी बांधलेल्या घोड्यांच्या मानेला नाक लावून उभा राहायचा. लोक बघायचे. मला लाज वाटायची, मी त्याचा हात ओढायची. तू तेव्हा शिकायला आमच्याकडेच राहत होतीस. तू कधी हसली नाहीस. उलट एकदा त्याला म्हणालीस, 'काका, मी मोठी झाले ना की नोर्जमाला आमच्यातला एक घोडा देईन.' बापाने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा त्याच्या हाताची काजळी तुझ्या केसांना लागली होती.

पुढे तुझा तुव्शिन तसाच माझ्याकडे आला. सहा वर्षांचा होता, अंथरूण ओलं करायचा, आणि सकाळी मी काही बोलायच्या आत स्वतःच चादर उचलून बाहेर न्यायचा. शाळा संपेपर्यंत तो माझ्या घरी वाढला. मला मूल नाही, नवरा होता तोही लवकर गेला. तुझं पोर मी माझं म्हणून वाढवलं आणि त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. हे उपकार म्हणून मोजत नाही, आपल्याकडे गावातल्या माणसाने हे करायचंच असतं. पण पुढचं समजायला हे लिहावं लागतं.

नोकरी संपायला आली तेव्हा मी तुला म्हणाले, आता मला एक घोडा पाळायचा आहे, माझा स्वतःचा. तू टाळी वाजवून ओरडलीस, 'लोकांना म्हातारपणी सोबत म्हणून नवरा सुचतो, हिला घोडा सुचला!' तुझं हसणं थांबेना. मग एकदम गंभीर झालीस. 'हे बघ, घोडा म्हणजे नातवंड नाही, रविवारी आलं, लाड केले, सोमवारी गेलं. त्याला रोज पाणी, रोज चारा. तो आजारी पडणार, थंडीत कुडकुडणार. पैसा तर खातोच गं, पण माणसाचा अख्खा दिवस खातो. आमच्याकडे कळप आहे, तिथे एक घोडा वर काय नि खाली काय. पण गावात, एकट्या बाईने, एकच घोडा पाळायचा तर तयारी नीट कर. नाहीतर इथे ये, माझ्या घोड्यावर बस, दूध पी आणि घरी जा.' तुझं हे बोलणं मला इतकं पटलं, की मी तू सांगशील तसं वागायचं ठरवलं.

दोन वर्षं मी तयारी केली, दुलाम. घोडा यायच्या आधीच्या शरदात मी ट्रकभर गवत घेऊन ठेवलं. लोक म्हणाले, 'ताट वाढलं, जेवणारा कुठाय?' वसतिगृहाच्या जुन्या फळ्या मागून आणल्या आणि वायव्येकडून येणारा वारा अडेल असा आडोसा उभा केला. विहिरीवरून पाणी आणायला दोन चाकांची गाडी घेतली. हिवाळ्यात विहिरीचं पाणी सकाळी किती खोल लागतं, ते घोडा नसतानाच रोज जाऊन बघितलं, म्हणजे सवय होईल. जुनं खोगीर घेतलं, त्याखालचा लोकरीचा नमदा स्वतः शिवला. कातड्याच्या वाद्या भिजवून, दातांनी ओढून, अख्खा हिवाळा बसून म्होरकी विणली. माझे पुढचे दोन दात तेव्हाच हलले. डागण्याचं लोखंडही बनवायला टाकलं, माझ्या बापाच्या कळपावर असायचा तसाच चंद्रकोरीचा डाग. शहराची दोन बोलावणी आली, गेले नाही. नवीन कोट घ्यायचा होता, घेतला नाही. घोडा पाळायचा तर घर सोडून कुठे जाता येत नाही आणि हातात काही शिल्लक राहत नाही, हे तू सांगितलंस आणि मी ते आधीच अंगवळणी पाडलं.

आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे येऊन शिकले. खूर कसे तासायचे ते जाम्स्रानने दाखवलं. घाम आलेल्या घोड्याला लगेच पाणी का द्यायचं नाही, जाड झालेल्या घोड्याला दौडवण्याआधी बांधून का ठेवायचं, घोड्याला नाव का ठेवायचं नाही, नुसतं रंगावरून का ओळखायचं, सगळं तू सांगितलंस. मला बसवून लगाम धरून पुढे चालायचीस आणि ओरडायचीस, 'अगं पिठाचं पोतं आहेस का? पाठ सरळ!' त्या दिवसांइतकी मी कधी हसले नव्हते. मला वाटायचं, लोकांना बहिणी असतात त्या अशाच असतील.

घोडा तूच निवडलास. कुमाईत, तांबूस अंग, काळी आयाळ, मागचा एक पाय पांढरा. शहाणा, दहा वर्षांचा, म्हणजे माझ्यासारखीला बरोबर. तू फुकट द्यायला निघाली होतीस. मीच म्हटलं, नाही, बापाचे घोडे झुदमध्ये गेले, माझा मी विकत घेणार, म्हणजे तो माझा आहे असं मला म्हणता येईल. निवृत्तीचे मिळालेले पैसे दिले. जाम्स्रानने ते घेतले, मग रिवाजाप्रमाणे आपली म्होरकी काढून ठेवली, आयाळीचे चार केस कापून घेतले, त्याचं नाक आपल्या अंगरख्याच्या बाहीने पुसलं, म्हणजे घरचं दैव घोड्याबरोबर जाऊ नये. मी माझी म्होरकी चढवली. तू म्हणालीस, 'रडू नकोस, घोडा घाबरेल.' तू स्वतःच रडत होतीस.

निघताना मी तुला एक शेवटचं विचारलं. किती दिवस बांधून ठेवू? माझ्या बापाचं या बाबतीत काहीतरी म्हणणं होतं, ते मला नीट आठवत नव्हतं, तेव्हा मी लहान होते. तू म्हणालीस, 'हा गरीब आहे गं. आठवडाभर बांध, मग पायबंद काढून सोड. कुठे जात नाही तो.' मी आठवडा नाही, दोन आठवडे बांधला. ते दिवस काय सांगू? सकाळी उठले की तो आडोशातून माझ्याकडे बघायचा. पाण्याची गाडी ओढत आणली की कान पुढे करायचा. एकदा फळीतल्या खिळ्याला खांदा घासून कापून घेतलं त्याने. मी लोणी लावलं, चार रात्री उठून बघितलं. दुकानापर्यंत बसून गेले तेव्हा चोइजिल सुरी हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, 'ताई, शोभतेस!' तेवढ्या एका वाक्यासाठी दोन वर्षं काढली असती तरी चाललं असतं. मग पायबंद काढला. सकाळी सोडला, दुपारपर्यंत दिसत होता, संध्याकाळी नव्हता.

पहिला फोन मी तुलाच केला. आपल्याकडे विकलेला घोडा जन्मलेल्या कुरणाकडे पळतो, हे मलाही माहीत होतं, म्हणून पहिल्यांदा तेच विचारलं. तू म्हणालीस, 'नाही गं, इकडे नाही आला. आला तर तुला कळवणार नाही का मी?' तिसऱ्या दिवशी तू स्वतः आलीस, मोटारसायकलवर मागे बसून, माझ्यासाठी वाळवलेलं दही घेऊन. माझ्या गळ्यात पडलीस. म्हाताऱ्या लामांकडे गेलो, त्यांनी फासे टाकले आणि म्हणाले, 'जिथे जन्मला तिथे बघा.' बाहेर येऊन तू म्हणालीस, 'लामांना आता हातातल्या वाटीतला चहा दिसत नाही, त्यांना घोडा काय दिसणार! आमच्याकडे असता तर मी इथे पाय तोडत आले असते का?' मी हसले. डोळे सुजलेले होते तरी हसले. मग तू मला दक्षिणेला घेऊन गेलीस, वाळवंटाच्या दिशेला. दर गेरपाशी थांबून तूच विचारायचीस, 'कुमाईत घोडा बघितला का कुणी? मागचा एक पाय पांढरा, माझ्या बहिणीचा आहे.' लोक चहा द्यायचे, माना हलवायचे. परत येताना म्हणालीस, लांडगे असतील, नाहीतर चोर. आणि वर समजूत घातलीस, 'तुझं चुकलं नाही गं. थोडं लवकर सोडलंस, एवढंच.'

ते 'थोडं लवकर सोडलंस' मी वर्षभर उराशी घेऊन बसले. दोन वर्षं तयारी केली, सगळं केलं, आणि एवढ्याशा घाईने घालवला. बापाचं म्हणणं काय होतं ते रोज आठवायचा प्रयत्न करायची. डागण्याचं लोखंड तयार होऊन आलं, ते कापडात गुंडाळून ठेवून दिलं. तुम्हाला भेटायला येते म्हटलं की तू कधी रस्ता खराब आहे म्हणायचीस, कधी जनावरांत रोग आलाय म्हणायचीस. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांपुढे घोडे नकोत म्हणून सांभाळून घेतेस. नव्या वर्षाला तुम्ही सगळे आलात. तू रिवाजाप्रमाणे माझ्या कोपरांखाली हात धरलेस, मी मोठी ना, दोन महिन्यांनी. तुव्शिन मात्र कोपऱ्यात बसून होता. एरवी माझे मांस भरून वाफवलेले बूझ दोन ताटं खाणारा पोरगा, त्याने एकालाही हात लावला नाही, आणि निघताना माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, शहरात कुणी मुलगी असेल. तू जोरात हसलीस, 'हो, तेच असणार!'

आता पुढचं ऐक. आपल्या शाळेत राजधानीतून गणिताची नवीन बाई आली आहे, उयांगा. तिशीची असेल. एकटी राहते, तोंडाळ आहे, मला आवडते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली, वही नाही की काही नाही, नुसती उत्साहाने उड्या मारत. 'नोर्जमाताई, मी घोडा घेतेय! आयुष्यातला पहिला! लोक म्हणतात, तयारी काय करायची ते तुम्हाला विचार.' कोण म्हणतं ते मी विचारलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. गवत, पाणी, आडोसा, खूर, थंडी, आजारपण, सुट्टीत आईकडे जाता येणार नाही ते. तुझंच वाक्य सांगितलं, घोडा माणसाचा दिवस खातो. ती हसत होती आणि मन लावून ऐकत होती, आणि माझा जीव जरा हलका झाला, की माझी फुकट गेलेली तयारी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय. मग तिने फोनवरचा फोटो दाखवला.

फोटोत तू आहेस. हिरवा अंगरखा घातला आहेस आणि हसते आहेस. शेजारी कुमाईत, काळी आयाळ, मागचा एक पाय पांढरा. असे घोडे पुष्कळ असतात, म्हणून मी फोटो मोठा करून बघितला. खांद्यावर केस न आलेली रेघ होती, माझ्या फळीतल्या खिळ्याची. उयांगाच बोलत होती. म्हणाली, 'जाम्स्रानकाका काय सांगत होते माहितीये? असा मायाळू घोडा तुला सापडायचा नाही. मागे एकदा कुणाला तरी गावात दिला होता, तर त्याने सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे आमच्या दारात येऊन उभा! दाराला नाक घासत होता म्हणे!' तिला ते फार गोड वाटलं. जाम्स्रानला घोडीचं आंबवलेलं दूध चढलं की घोड्यांची तारीफ करताना त्याची जीभ थांबत नाही. मी तिला चहा ओतून दिला.

म्हणजे तू माझ्या गळ्यात पडलीस तेव्हा तो तुझ्या दारात होता. दही बांधून घेतलंस तेव्हा तो बाहेर चरत होता. 'माझ्या बहिणीचा घोडा' असं तू दक्षिणेच्या त्या अनोळखी लोकांना सांगत होतीस तेव्हा तुला माहीत होतं, की तो उत्तरेला आहे. तुझ्या घरी भटकं जनावर आलं तर निरोप पाठवायचा असतो, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं, आणि तू माझा घोडा कळपात मिसळलास. तुम्ही त्या पैशांतून काय केलंत ते मला माहीत नाही, मला विचारायचंही नाही. अडचण होती तर मला सांगायचंस. मी घोडा परत दिला असता, पैसेही मागितले नसते, आणि हे तुला माहीत होतं. म्हणून तर मला समजत नाही. चोराने नेला असता तर मी चोराला शिव्या घालून मोकळी झाले असते. लांडग्याने नेला असता तर लांडग्याचं तरी पोट भरलं असतं. तू माझ्याजवळ बसून, माझे डोळे पुसत, माझा केसाने गळा कापलास. आणि वर मला सांगितलंस, की चूक माझी होती.

एका गोष्टीवर मी रात्रंदिवस विचार केला. घोडा आपणहून आला असेल. पहाटे दारात बघून तुम्हालाही नवल वाटलं असेल, पैसे खर्च झाले असतील, एक दिवस गप्प बसलात, मग दुसरा, मग तोंड उघडायची सोय राहिली नसेल. एवढं मी समजू शकते. माणूस अशा खड्ड्यात पडतो. पण तू मला घोड्याबद्दलचं सगळं शिकवलंस, पाठीच्या कण्यापासून खुरापर्यंत, आणि एकच गोष्ट चुकीची सांगितलीस, किती दिवस बांधायचा ती. बापाचं म्हणणं मला आता आठवलं आहे. विकत घेतलेल्या घोड्याने नव्या जागी एक हिवाळा काढल्याशिवाय त्याला मोकळा सोडायचा नसतो. घोड्यांत वाढलेल्या बाईला हे ठाऊक नसेल? तो सल्ला तुझ्या तोंडून सहज गेला, की माझ्या म्होरकीकडे बघत, माझ्यासाठी रडत असताना, तू तो ठरवून दिलास? हे फक्त तुला माहीत आहे. तुव्शिन माझ्याकडे का बघू शकला नाही ते कळलं, त्याला सांग की मी त्याच्यावर रागावले नाही. तुझ्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही. मी रागावले आहे. घोडा गेल्यावर मी रडले होते, हे कळल्यावर मला रडूसुद्धा आलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुला हे पत्र देणारी बाई तुझ्यासमोर बसली आहे, तीच उयांगा. चहा पिते आहे, तुझ्याकडे बघून हसते आहे, आणि पैसे तिच्या पिशवीत आहेत. ती आज घोडा न्यायला आली आहे. मी तिला एवढंच सांगितलं आहे, की आधी हे दुलामच्या हातात दे, तिला पुरं वाचू दे, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत, मग घोड्याचं बोला. तिला यातलं काहीही माहीत नाही. हा घोडा कुणाचा आहे ते तिला तुझ्या तोंडून कळावं, असं मला वाटतं. फोन करून तुला गाठलं असतं तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून केला नाही. गावकऱ्यांना घेऊन आले असते तर तू लाजेने कबूल केलं असतंस, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. आज तुला कुणी पकडलेलं नाही. जाम्स्रान बाहेर असेल, माझ्याशिवाय कुणाला काही माहीत नाही, आणि समोर एक परकी मुलगी आहे जिला तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे. तू तिला खरं सांगितलंस तर ती रिकाम्या हाताने, तुझ्यावर चिडून, ज्या जीपने आली त्याच जीपने परत येईल, आणि मी उद्या सकाळी तुझ्याकडे यायला निघेन. घोड्यासाठी नाही, तुझ्यासाठी. नाही सांगितलंस तर ती माझ्या घोड्यावर बसून येईल. मग तिचे पैसे तिला परत कसे मिळवून द्यायचे ते मी गावच्या चार माणसांना घेऊन बघेन, घोड्यावर माझ्या बापाची चंद्रकोर उठवेन, आणि तुझं नाव माझ्या घरात कुणी घेणार नाही. उत्तरेचा रस्ता माझ्या आडोशापासून लांबवर दिसतो. आज दुपारपासून मी तिथेच बसलेली असेन. जीपची धूळ उंच उडते, घोड्याची खाली राहते.

ती दिसेपर्यंत तुझीच,
नोर्जमा